माहेरापर्यंत पळत

माझ्या मोठ्या जावेला आणि मला पळायची सवय लागली ती तिच्या मुलीमुळे. पोरगी पोलीस भरतीची तयारी करत होती. रोज पहाटे तिला उमरखेडच्या मैदानावर सरावाला जायचं असायचं. अंधारात एकटीला कसं पाठवायचं म्हणून आम्ही दोघी तिच्यासोबत जायला लागलो. ती धावायची आणि आम्ही शाल गुंडाळून पायरीवर बसायचो. थंडीत सिमेंटची पायरी अशी गार पडायची की बसवायचं नाही. म्हणून आधी आम्ही उभ्या राहिलो, मग चालायला लागलो. आणि एका सकाळी जाऊ म्हणाली, "त्या खांबापर्यंत पळून पाहू का वं?"

पाहिलं. खांबापाशी पोचेपर्यंत दोघींना धाप लागली होती, पण येतानाही आम्ही पळतच आलो.

पुढे पोरगी भरती झाली आणि ट्रेनिंगला निघून गेली. पहाटे उठायचं कारण संपलं. दुसऱ्या दिवशी मी सवयीनं उठले आणि चहा ठेवायला स्वयंपाकघरात गेले, तर जाऊ ओढणी कमरेला बांधून बूट शोधत होती. मला पाहून जरा ओशाळली. मी गॅस बंद केला आणि माझे बूट काढले.

आमच्या नवऱ्यांचं, म्हणजे दोघा भावांचं, जळालेल्या मोटारींना नवी तार गुंडाळून द्यायचं, म्हणजे रिवाइंडिंगचं, दुकान आहे. घर एक, स्वयंपाक एक. जाऊ शाळेत पोषण आहार शिजवते, मी घरी ब्लाऊज शिवते. ती पन्नाशीला टेकलेली, मी पाच-सहा वर्षांनी लहान. आम्ही बंजारा, घरात गोरबोली चालते, बाहेर वऱ्हाडी. वीस वर्षं आम्ही एकाच ओट्यावर भाकरी थापल्या, पण आमचं बोलणं 'मीठ टाकलं का' आणि 'पाणी आलं का' याच्या पलीकडे फारसं गेलं नव्हतं. भांडण नव्हतं. सवडच नव्हती, आणि घरात नेहमी कोणी ना कोणी ऐकत असायचं.

मैदानावर एक निवृत्त क्रीडाशिक्षक फिरायला यायचे. ते महिनाभर आम्हाला पाहत होते. एक दिवस त्यांनी थांबवलं.

"बाई, तुम्ही सुरुवातीलाच लई जोरात पळता, म्हणून लवकर दमता. बोलता येईल इतक्याच जोरात पळा. बोलणं बंद पडलं की समजा, वेग जास्त झाला."

तेवढीच आमची शिकवणी. सर म्हणाले तसं आम्ही बोलत पळायला लागलो, आणि मग आमचं बोलणं काही थांबेना. त्या हिवाळ्यात मला कळलं की माझी जाऊ शाळेत असताना खो-खोच्या संघात होती. तालुक्याबाहेर खेळून आली होती. नववीत लग्न ठरलं आणि ते सगळं तिथंच राहिलं.

"मले कधी सांगतलं नाही तुम्ही," मी म्हटलं.

"कोणी इचारलंच नाही," ती म्हणाली. तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. ती हसत होती आणि पळत होती.

अंतर वाढत गेलं तसं मैदान पुरेना. गोल गोल फिरून डोकं गरगरायचं. आम्ही रस्त्यावर निघालो, आणि तिथं वेगळीच अडचण आली. आमच्याकडे बाई रस्त्यानं पळताना दिसली की काहीतरी वाईट घडलं, असंच लोक समजतात. एक दुधवाला मोटरसायकल थांबवून म्हणाला, "बसा मागं, दवाखान्यात सोडतो." एका बैलगाडीवाल्यानं हळू आवाजात विचारलं, "कोण गेलं वो बाई?" एका म्हातारीनं आम्हाला अडवून बळजबरीनं पाणी पाजलं आणि सांगितलं, "जे झालं ते झालं, आता घरी जा." आम्ही पाणी प्यायलो आणि पुढच्या वळणावर जाऊन पोट धरून हसलो.

मग सरांनी नांदेडच्या शर्यतीचं सांगितलं. एकवीस किलोमीटर. "त्याच्या आधी एकदा अठरा-एकोणीस पळून पाहा. तेवढं झालं तं बाकीचं आपोआप होते."

रात्री जेवताना मी म्हटलं, एवढं लांब पळायचं तर जायचं कुठं? माझा नवरा भाकरी कुस्करत सहज बोलून गेला, "तुह्या माहेराले जा ना. तितकंच तं आहे."

माझं माहेर महागावकडच्या रस्त्याला, एका तांड्यात. वीस वर्षं मी तिथं एसटीनं गेले होते, कडेवर लेकरू आणि हातात पिशवी घेऊन. पळत जायचं म्हटल्यावर मला एवढी मजा वाटली की मी त्यांना आधी कळवायचंसुद्धा विसरले. खरं सांगायचं तर विसरले नाही. अचानक जाऊन त्यांचे चेहरे पाहायचे होते.

रविवारी तांबडं फुटायच्या आधी निघालो. पौष महिना होता. तोंडातून वाफ निघत होती. दोन्ही बाजूंना तूर उभी, मधेच हरभऱ्याचा हिरवा तुकडा, आणि कापसानं फुगलेल्या गाड्या बाजाराकडे निघालेल्या. गाडीवरची माणसं कापसावर पडल्या पडल्या आमच्याकडे पाहायची. दिवस वर आला तसे आम्ही स्वेटर काढून कमरेला बांधले. जाऊ तिच्या सासरच्या पहिल्या दिवाळीची गोष्ट सांगत होती आणि मी ऐकत होते. अर्धं अंतर कधी सरलं कळलंही नाही.

शेवटी तांड्याकडे वळणारा फाटा दिसला आणि माझ्या पायात कुठून बळ आलं देव जाणे. मी जाऊबाईला मागं टाकून सुसाट सुटले.

आता हे माझ्या वडलांच्या बाजूनं पाहा. ते अंगणात कडुनिंबाची काडी चावत बसले होते. त्यांची लग्न झालेली लेक, केस सुटलेले, चेहरा लाल, हातात पिशवी नाही, सोबत नवरा नाही, सकाळी सकाळी धावत अंगणात शिरली आणि खांबाला धरून उभी राहिली. त्यांच्या तोंडातली काडी खाली पडली.

"काई वेगो, बेटी?" काय झालं, बेटी?

मला धाप लागली होती. बोलता येईना. मी हातानं 'थांबा, थांबा' अशी खूण केली. त्यांना ती खूण 'विचारू नका' अशी वाटली. आई आतून धावत आली आणि मला पोटाशी धरून रडायलाच लागली. एवढ्यात समोरच्या काकूंनी फाट्याकडे पाहिलं आणि ओरडल्या, "अवो, तिची जाऊ मागं लागली!"

खरंच, जाऊ येत होती. धापा टाकत, ओढणी सावरत, थेट आमच्या घराच्या दिशेनं. आईनं मला मागं ढकललं आणि हातात पाण्याची बादली घेऊन वाटेत उभी राहिली. वडील पुढं झाले, हात जोडले आणि म्हणाले, "बाई, जे काही असंल ते बसून बोलू. असं रस्त्यानं कायले धावता?"

जाऊ थबकली. तिनं वडलांचे जोडलेले हात पाहिले, आईची बादली पाहिली, गोळा झालेली माणसं पाहिली. मग माझ्याकडे पाहिलं. आणि आम्ही दोघी एकदम जे हसत सुटलो, ते थांबताच येईना. मी तर जमिनीवर बसले. आम्ही जितक्या हसू तितकी आई घाबरून जाई. तोवर माझ्या चुलतभावानं उमरखेडला फोन लावलाही होता.

"भाऊजी, बाई पळून आली ना इकडं!"

फोन मोठ्या आवाजावर होता. पलीकडून माझा नवरा शांतपणे म्हणाला, "पळून नाही, पळत आली. पोचल्या का दोघी? त्यायले पाणी द्या."

आईनं बादली खाली ठेवली. मग वडलांनी विचारलं, "उमरखेडहून पळत?"

"हो, बा."

"कायले?"

सगळे उत्तराची वाट पाहत होते. मी जावेकडे पाहिलं, जाऊ माझ्याकडे. तब्येतीसाठी म्हणावं तर तब्येत आधीही ठीक होती. शर्यत म्हणावी तर जिंकायची कोणाला होती?

"बरं वाटते म्हणून," शेवटी जाऊ म्हणाली.

वडलांनी मान हलवली. मग त्यांच्या मिश्यांत हसू फुटलं. "आपले जुने लोक बैलाच्या पाठीवर मीठ लादून देशोदेशी हिंडले. तुमच्या पाठीवर तं मीठही नाही, अन् तुम्ही हिंडून राह्यल्या."

"मीठ आहे की," आई म्हणाली आणि पदरानं माझं कपाळ पुसून दाखवलं. घाम वाळून त्यावर खरंच पांढरी पुटं चढली होती.

मग त्या दिवसाची जत्राच झाली. कोणी ताक आणलं, कोणी गूळ. आईनं सोल्यांची, म्हणजे तुरीच्या ओल्या दाण्यांची, झणझणीत भाजी केली, आणि आम्ही दोघींनी भाकरीवर भाकरी संपवल्या. काकू जावेच्या शेजारी बसून तिच्या पोटऱ्या दाबून पाहत होत्या. वडील येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला थांबवून सांगत होते, "उमरखेडहून. पळत. कुठी बसल्या नाही." दुपारच्या एसटीनं परत निघालो तेव्हा फाट्यावर आम्हाला पोचवायला निम्मा तांडा आला होता.

महिनाभरानं नांदेडची शर्यत झाली. आदल्या संध्याकाळी आम्ही जावेच्या मामेबहिणीकडे उतरलो. सकाळी मैदानावर एवढी माणसं, एवढे रंगीत कपडे आणि प्रत्येकाच्या मनगटावर घड्याळ. सलवार-कमीज घातलेल्या आम्ही दोघीच. आम्ही एकमेकींच्या छातीवर नंबर टाचत होतो. तेवढ्यात वडलांचा फोन. "तुही याडी म्हणते, लई जोरात पळू नको. अन् पोचली की फोन कर." आईला याडी म्हणतो आम्ही. याडीला अजूनही वाटत होतं की मी कुठल्यातरी गावालाच निघाले आहे.

पळायला लागलो. पहिले दहा किलोमीटर नेहमीसारखे, गप्पांत गेले. रस्त्याच्या कडेला शाळेच्या पोरी टाळ्या वाजवत होत्या. पंधराच्या पुढं कुठंतरी जाऊ गप्प झाली. मी विचारलं, तर नुसतं 'हं' म्हणाली. दमली, आता बसणार, असं वाटलं. म्हणून तिला धीर द्यायला मीच बोलत राहिले: माहेरच्या, दुकानाच्या, ब्लाऊज बिघडलेल्या गिऱ्हाइकांच्या गोष्टी. ती समोर पाहत होती.

आणि मग ती पुढं निघाली. आधी हातभर, मग बैलगाडीभर, मग गर्दीत तिची निळी ओढणी दिसेनाशी झाली. मी हाका मारल्या, पण ऐकू जाण्याच्या पलीकडे ती गेली होती. घरात सगळ्यांची जेवणं झाल्यावर उरलेल्यात आपलं ताट वाढून घेणारी ही बाई. मला राग यायला हवा होता. मी एकटी पळत होते, मांड्या भरून आल्या होत्या, आणि तरी तोंडभर हसत होते. बाजूनं जाणाऱ्या एका माणसानं विचारलं, "काय झालं, मावशी?"

"माझी जाऊ पळाली!" मी सांगितलं.

मी पोचले तेव्हा ती फुटपाथवर पाय पसरून बसली होती, गळ्यात पदक, हातात अर्धं केळं. मला पाहून उठायला गेली, पण उठता येईना.

"माह्यासाठी थांबायचं तरी!"

"अवं, मी थांबत होती," ती म्हणाली. डोळ्यांत पाणी होतं आणि चेहरा शाळेतल्या पोरीसारखा उजळला होता. "पायच थांबून नाही राह्यले."

उरलेलं केळं तिनं माझ्या हातात दिलं. मी आधी आईला फोन लावला, पोचले म्हणून.

परतीच्या एसटीत आम्ही बसलो तेव्हा ठीक होतो. उमरखेडच्या स्टँडवर उतरायची वेळ आली आणि लक्षात आलं की गुडघे वाकतच नाहीत. दाराच्या पायऱ्या समोर, मागं माणसांची रांग. शेवटी जाऊ उलटी फिरली आणि झाडावरून उतरावं तशी दांडा धरून एकेक पायरी मागं मागं उतरायला लागली. तिच्या पाठोपाठ मीही तशीच. कंडक्टरनं आमच्या गळ्यातली पदकं पाहिली आणि मागच्या लोकांना ओरडून सांगितलं, "थांबा रे जरा, पळणाऱ्या बाया उतरून राह्यल्या!"

सगळी गाडी हसली. आम्ही सगळ्यांत जास्त हसलो, आणि हसण्यात माझी शेवटची पायरी चुकली. खाली जावेनं मला बरोबर झेललं.