मापाचा दिवा

वेधशाळेत तिला सगळे दिवाबत्ती म्हणत. तोंडावर नव्हे, पण तिला ते ठाऊक होतं आणि तिची काही तक्रारही नव्हती. कामच तसं होतं. ताऱ्याचा प्रकाश दुर्बिणीतून यंत्रात उतरतो, तिथे त्याचे रंग सुटे होतात, आणि कुठल्या रंगाचा उजेड किती हे यंत्र सांगतं. आता यंत्राच्या सांगण्यावर विश्वास किती ठेवायचा? म्हणून रोज सूर्य मावळायच्या आधी त्याच यंत्राला एक दिवा दाखवायचा. या दिव्यातून कुठल्या रंगाचा उजेड किती निघतो, ते दूरच्या एका प्रयोगशाळेने मोजून दिलेलं होतं. वाण्याकडे जसं खात्रीचं वजन असतं, तसा हा दिवा. त्याच्याशी ताडून पाहिल्याशिवाय कुठला तारा किती तेजस्वी हे कुणी छातीठोकपणे सांगू शकत नसे. तो लावायचा, विझवायचा, कुलपात ठेवायचा, एवढं तिचं काम. जिन्यात शिपाई विचारायचा, "काय बाई, आज काय दिवे लावलेत?" ती म्हणायची, "एकच. पण तुझ्या साहेबांच्या सगळ्या ताऱ्यांना पुरून उरेल असा."

थट्टा जिन्यापुरती. तळघरातल्या त्या खोलीत ती कुणाची गय करत नसे. काचेला उघडं बोट लागलं तर साक्षात संचालकांनाही तिने झापलं होतं. दिवा गरजेपुरताच लावायचा, कारण तो जळतो तेव्हा आतली तार थोडीथोडी उडते, काचेला आतून चिकटते आणि उजेड कमी होत जातो. निळा रंग आधी दगा देतो. हे तिला कुणी शिकवलं? दादाने.

दादा म्हणजे तिचा थोरला भाऊ, तिथलाच जुना निरीक्षक. ती विधवा झाली, पुढे वहिनीही गेली, तेव्हापासून दोघं वेधशाळेच्या आवारातल्या क्वार्टरमध्ये एकत्र राहत होती. दादाचा जीव एका लालसर ताऱ्यात अडकला होता. हा तारा आतून तापत जाणार, त्याचं तेज वाढणार, रंग निळ्याकडे झुकणार आणि एक दिवस तो आपलं कवच फेकून देणार, असं तो ऐन तरुणपणी लिहून बसला होता. तारा मात्र ढिम्म. "आधी तारा फुटतो की आधी हे निवृत्त होतात बघू," असं लोक त्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणत. आणि मग, निवृत्ती अगदी दारात येऊन ठेपली असताना, तारा खरोखरच चढू लागला. प्रत्येक मोजणीला थोडं जास्त तेज, थोडा जास्त निळा. दादाची मान ताठ झाली. समितीची बैठक ठरली. त्याला मुदतवाढ द्यायची आणि डोंगरावरची मोठी दुर्बीण त्याच्या ताऱ्यासाठी राखून ठेवायची, यावर फक्त शिक्का मारायचा बाकी होता. बहिणीला काय वाटलं म्हणता? तिला वाटलं, देवाला उशिरा का होईना जाग आली.

मग एका दुपारी कँटीनमध्ये आकडेमोडे तिच्यासमोर येऊन बसला. मोजण्यांचा हिशेब करणाऱ्या गड्याचं हे लाडाचं नाव. "बाई, तुमच्या दिव्यात काही जादू आहे का हो?" तो म्हणाला. "तुमच्या दादांचा तारा चढतोय ते ठीक. पण मी परवा सहज एक स्थिर तारा घेतला, ज्याचं तेज कधी हलत नाही असा. तोही चढलाय! सगळं आकाश तरुण होतंय, म्हातारे आपण तेवढे." तो स्वतःच्याच विनोदावर हसला. तिने मात्र ताट बाजूला सारलं.

सगळं आकाश एकदम उजळत नसतं. नाचता येईना अंगण वाकडं, तसलाच प्रकार. मापाचा दिवा मंदावला, तर त्याच्याशी ताडलेला प्रत्येक तारा उजळल्यासारखा दिसणार. ती तशीच खाली गेली. मूळ दिव्याबरोबर त्याचा एक जुळा आला होता, मोहर लावून ठेवलेला, अडीअडचणीसाठी. तिने ती मोहर फोडली आणि दोन्ही दिवे एकामागून एक यंत्राला दाखवले. नेहमीचा दिवा फिका पडला होता. निळ्यात तर अगदीच फिका. दादाच्या ताऱ्याने जेवढं कमावलं होतं, तेवढंच याने गमावलं होतं. तिने दिवा काढून पांढऱ्या कागदासमोर धरला. काचेवर आतून तपकिरी डाग धरला होता.

एवढी तार तिच्या रोजच्या वापरात जळणं शक्यच नव्हतं. मग आपणच विसरतो की काय? लावून तसाच ठेवून जातो? ती इतकी घाबरली की पुढचे काही दिवस तिने स्वतःवरच पाळत ठेवली. विझवला की मोठ्याने म्हणायची, "विझवला." कुलूप लावलं की पुन्हा ओढून बघायची. डोकं शाबूत होतं. आणि तरी एकदा जेवून खाली आली, दिव्याच्या पेटीवर हात ठेवला, तर पेटी कोमट.

दुसऱ्या दिवशी ती जेवायला गेलीच नाही. बोळातल्या कपाटाआड उभी राहिली. थोड्या वेळाने दादा आला, भिंतीला हात लावत लावत. खोलीची दुसरी किल्ली ज्येष्ठ निरीक्षक म्हणून त्याच्याकडे असे. त्याने दिवा लावला, खुर्ची पुढे ओढली आणि आपल्याच ताऱ्याच्या वर्णपटाचा कागद त्या उजेडात इतका जवळ धरला की नाक कागदाला टेकलं. एका हातात भिंग. एकेक रेषा तो बोटाने चाचपत होता, आणि ओठ हलत होते. साऱ्या इमारतीत त्याला वाचता येईल असा तेवढाच एक उजेड उरला होता.

घरात खुर्चीला धडकणं, समोरच्या माणसाला आवाजावरून ओळखणं, "तूच वाच ना पेपर, मला कंटाळा आलाय" म्हणणं, या सगळ्याला ती विद्वानाचा विसराळूपणा समजत आली होती. रोजच्या रोज एकाच पंगतीला बसून तिला भावाचे डोळे गेलेले दिसले नाहीत. ज्याने तिला दिवा जपायला शिकवलं, त्यानेच तो जाळला होता, आणि त्या जळण्यातूनच त्याचा तारा उजळला होता. रडावं की त्याच्या मुस्काटात द्यावी, तिला कळेना. ती चोरासारखी तिथून निघून गेली.

बोलली ती बैठकीच्या आदल्या दिवशी सकाळी, घरी.

"दादा, तुझा तारा तापत नाहीये. दिवा मंदावलाय."

"कोण म्हणतं?"

"जुळा. मी मोहर फोडली."

"कितीने?" त्याने विचारलं. तिने सांगितलं. एवढा गणिती माणूस, त्याला वजाबाकी करायला वेळ लागला नाही.

"आणि दुपारी तिथे कोण बसतं, तेही मला माहीत आहे," ती म्हणाली.

त्याने तिचा हात शोधून धरला. "चिमे, उद्याचा दिवस गप्प बस. फक्त उद्याचा. मग मी बघतो काय करायचं ते. माझ्याकडे दुसरं काही नाहीये ग."

"खोटं माप मी पुढे जाऊ देणार नाही. तूच शिकवलंस ना मला?" तिचा आवाज फाटला. "पण डोळ्यांचं कुणाला सांगणार नाही. तुझी शपथ. दिवा झिजला एवढं तू स्वतः सांग. मुदतवाढ मिळेल, दादा. तारा नाही तर नाही, तुला ठेवतील ते. आपण डोळे दाखवू, औषध करू, काहीतरी करू."

तो "बरं" म्हणाला. त्या एका शब्दावर तिने ती रात्र काढली.

दुसऱ्या दिवशी बैठकीत दिव्याचा विषय निघताच संचालकांनी शिपायाच्या हाती तळघरात चिठ्ठी पाठवली, दोन्ही दिवे घेऊन वर या. ती पेटी घेऊन गेली, हलकेच दार लोटून आत शिरली आणि टेबलाच्या या टोकाला, दादाच्या बरोबर समोर उभी राहिली. दादा बोलत होता. तारा चढलेला नाही, दिवा उतरला आहे, मी माझा निष्कर्ष मागे घेतो, असं त्याने स्वच्छ सांगितलं. आवाज जराही कापला नाही. अभिमानाने तिचे डोळे भरून आले. माझा भाऊ तो, तिला वाटलं.

मग एका सदस्याने विचारलं, "पण दिवा इतका झिजला कसा? रोज थोडाच वेळ तर लावतात."

दादा थांबला. त्याने समोर पाहिलं, थेट तिच्याकडे.

"दिवा माझी बहीण सांभाळते," तो म्हणाला. "वय झालंय तिचं. लावते आणि विझवायला विसरते. घरीसुद्धा तेच. शेगडी तशीच चालू असते, मी कितीदा विझवतो. मीच वेळेवर सांगायला हवं होतं, पण बहीण आहे."

सगळे तिच्याकडे बघू लागले, आणि लगेच दुसरीकडे बघू लागले. तिच्या कानशिलात जाळ उठला. माझ्या तोंडावर? माझ्या डोळ्यांत बघून? आणि मग तिने त्याच्या डोळ्यांकडे नीट पाहिलं. ते तिच्यावर होते, आणि तिच्यावर नव्हतेही. भिंतीकडे बघावं तसा तो बघत होता. त्याच्या हिशेबी ती खाली तळघरात होती.

एक वाक्य पुरलं असतं. साहेब, त्यांना विचारा, आत्ता समोर कोण उभं आहे? एवढंच. ते तिच्या जिभेवर आलं होतं.

"हो," ती म्हणाली. "माझ्याच हातून राहिला."

दादाचं तोंड उघडं राहिलं. चेहऱ्यावरचं रक्त उतरलेलं तिने बघितलं, बाकीच्यांनीही बघितलं असेल, पण त्यांना तो भावाचा संकोच वाटला असणार. संचालक फार चांगले वागले. झापल्याचा राग त्यांनी मनात धरला नव्हता. इतकी वर्षं सेवा केलीत, आता विश्रांती घ्या, असं म्हणून त्यांनी किल्ल्या मागून घेतल्या. दादाची मुदतवाढ मंजूर झाली. निष्कर्ष मागे घ्यायला मोठं मन लागतं, असंही कुणीतरी म्हणालं.

लोक उठून गेले. खोलीत दोघंच उरली. दादा खुर्चीची पाठ धरून उभा होता.

"चिमे," तो म्हणाला. "आहेस का ग?"

ती होती. हाताच्या अंतरावर, दिव्यांची पेटी छातीशी धरून. त्याने पुन्हा हाक मारली, या वेळी खिडकीकडे तोंड करून, आणि तिने ओ दिली नाही.