शब्बीरभाऊंचे पांढरे सदरे

शब्बीरभाऊंना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते भर उन्हात, सगळ्या काचा लावून, आपल्या जुन्या व्हॅनमध्ये घामाघूम बसले होते आणि त्यांची बायको नूरभाबी बाहेरून गाडीवर तांब्याने पाणी ओतत होती. रस्त्यावरची माणसं थांबून हसत होती. भाऊ आतून ओरडले, "आत्ताच वर जाऊ नको. खालूनच ओत. मले पाहू दे, कुठून घुसून राह्यलं ते."

भाऊ शिंपी. एटापल्लीच्या रस्त्यावरच्या आमच्या आश्रमशाळेचे गणवेश तेच शिवत आणि याच व्हॅनमधून आणून देत. मी तिथे नवाच मास्तर होतो. त्याच आठवड्यात, मी रुजू होण्याआधी, त्यांनी पावसात आणलेल्या गठ्ठ्यांतले तळाचे सदरे भिजलेले निघाले, तेही लाल पाण्याने. लोहखनिजाचे ट्रक याच रस्त्याने जातात, त्यामुळे आमच्याकडे झाडाची पानंसुद्धा लालच. मुख्याध्यापक म्हणाले, "चालेल हो, धुतलं की जाईल."

"नाई जात," भाऊंनी गठ्ठा परत उचलला. "नवा सदरा, अन् पहिल्याच दिवशी डाग? माह्या पोराले मी घालीन का असा?" आणि तेवढे सदरे त्यांनी नव्याने शिवायला घेतले.

भाऊंनी गाडी दाखवली, तर गॅरेजवाल्याने काचेच्या रबराला सगळीकडून चिकट मसाला फासला, आत एक पोतं अंथरलं आणि वर सांगितलं, जुनी गाडी आहे, गळणारच. भाऊंच्या अंगाचा तिळपापड झाला. "जुनी आहे म्हणे! मी बी जुनाच आहो. मी कुठी गळून राह्यलो?" म्हणून मग तो तांब्याचा कार्यक्रम. आधी दाराचा खालचा भाग, मग काच, शेवटी टप. आत जिथे ओल दिसेल तिथे भाऊ कापडावर खुणा करायच्या खडूने रेघ मारायचे.

खालच्या भागावर ओतलं तेव्हा काहीच झालं नाही. काचेवर ओतलं आणि थोड्या वेळाने दाराच्या आतल्या कडेवरून पाणी पाझरलं. भाऊ उतरले, दार जोरात लावलं, तर दाराच्या पोटात डबडब वाजलं. काचेवरून ओघळणारं पाणी दारात उतरतं आणि दाराखालच्या बारीक भोकांतून निघून जातं, तशी सोयच असते गाडीत. ती सगळी भोकं पुट्टीने बुजलेली होती. भाऊंनी पेचकसाने एक उकरलं, तशी लाल पाण्याची धार त्यांच्या चपलेवर पडली.

"कोणी केला हा शहाणपणा?" मी विचारलं.

"मीच," ते म्हणाले. "उन्हाळ्यात. खालून धूळ येते, पांढरं कापड लाल होते, म्हून बुजवली. आता बुजवली तं पाणी राहते, खोलली तं धूळ येते. सांगा सर, काय करू?"

मला आजही त्याचा राग येतो. दिवसभर ट्रक धुरळा उडवत जाणार, आणि डोकं खाजवायचं कोणी, तर एका शिंप्याने. भाऊंनी भोकं मोकळी केली. पुढे प्रत्येक गठ्ठा ते जुन्या चादरीत आणि वरून ताडपत्रीत बांधून आणू लागले. शाळेत गठ्ठा सोडला की प्रत्येक सदरा झटकून, उजेडात धरून पाहायचे आणि मगच हातात द्यायचे.

दोन वर्षांनी गणवेशाचा रंग बदलायचं ठरलं. मुख्याध्यापकांनी भाऊंना बोलावून लालसर तपकिरी कापड पुढे ठेवलं. खुशीत होते. "यावर धूळ दिसणारच नाही. तुमचाही त्रास वाचला."

भाऊंनी कापड चिमटीत धरून पाहिलं, घडी नीट केली आणि परत सरकवलं. "कापड चांगलं आहे. पण मी नाई शिवत."

"काऊन?" मीच विचारलं. त्यांचं सगळं घर या कामावर चालत होतं.

"सदरा लाल झाला की माय म्हणते, केवढी धूळ आहे. मास्तर म्हणते. साहेब आला तं त्याले बी दिसते. आता कोणीच म्हणणार नाई." ते उठले. "पोराच्या अंगावरची धूळ लपवाले मी सुई धरली नाई, सर."

काम दुसऱ्या गावच्या ठेकेदाराला गेलं. भाऊ राजुऱ्याला लेकीकडे गेले आणि मागच्या हिवाळ्यात तिथेच वारले. शाळेत कोणाला त्याचं फारसं काही वाटलं नाही. मला वाटलं, आणि गणवेशाच्या रंगावरून मी अजूनही मुख्याध्यापकांशी भांडतो.

रोज सकाळी पोरं नव्या सदऱ्यांत प्रार्थनेला उभी राहतात. पाहुणे म्हणतात, किती स्वच्छ मुलं आहेत. मी रांगेच्या शेवटी उभा असतो, आणि प्रार्थना मधूनमधून खोकल्याने तुटत असते.