मे महिन्यातली कोरडी हवा

मे महिना लागला की अख्खं यवतमाळ हवेच्या नावाने बोटं मोडायचं. खूश असायचे ते एकटे आमचे हे. अंगणात उभं राहून हात हवेत फिरवायचे आणि म्हणायचे, "पाह्य, कशी खडखडीत झाली!" जणू हवा यांनीच वाळत घातली होती.

मी साठ-एकसष्ट सालची गोष्ट सांगते आहे. हे कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत आणि नागपूरच्या एका सरांकडे पीएच.डी.चं काम करत. घराण्यात एवढं शिकलेले हे पहिलेच. छप्पन साली आमच्या दोन्ही घरांनी धम्मदीक्षा घेतली, पुढच्या वर्षी आमचं लग्न झालं आणि त्याच्या पुढच्या वर्षी मुलगी. लोहाऱ्याच्या रस्त्याला टिनाच्या छपराचं भाड्याचं घर होतं. पुढे एक खोली, मागे एक. सुट्टीत कॉलेजला कुलूप लागायचं, म्हणून प्रिन्सिपॉलांच्या परवानगीने यांनी काचेचं सामान आणि नायट्रोजनचं नळकांडं मागच्या खोलीत आणून मांडलं. स्वयंपाक, झोपणं, पोरीचं खेळणं सगळं पुढच्या खोलीत आलं.

काय करता, म्हणून मी एकदा विचारलं. मी काही अडाणी नव्हते, सातवी झाले होते. यांनी ताटातली भाकर उचलली, वर झुणका ठेवला, त्यावर दुसरी भाकर. "हे पाह्य. वरची अन् खालची भाकर म्हंजे कार्बनच्या कड्या. मधातला झुणका म्हंजे टायटॅनियम. तो वायूचा एक एक कण धरते, अन् दुसऱ्याले जोडत जाते. लांबच लांब साखळी. त्याचं होते प्लास्टिक."

"मग कारखान्यात करतात ते?"

"ते करतात, पण आतमधी काय होऊन राह्यलं ते कोणाले दिसत नाही. माह्या भांड्यात सारं इरघळलेलं आहे. मले ते जोडनं पाह्याचं आहे." एवढं बोलून झुणका खाऊन टाकला.

त्या टायटॅनियमच्या लाल स्फटिकांत अ‍ॅल्युमिनियमचं एक औषध घालावं लागे. ते मोठं तामसी. उघड्या हवेत धूर सोडे, पाण्याचा थेंब लागला तर भडका. म्हणून त्या खोलीत पाण्याची नव्हे, वाळूची बादली असे. आणि हवेत जराशी दमट वाफ असली तरी भांड्यातला निळा रंग उडून जाई, की झालं, काम मेलं. पावसाळ्यात, हिवाळ्यात यांचं कितीदा मेलं होतं. बाहेर सगळं भाजून निघत असेल असा कोरडा मे महिना, हीच यांची वेळ.

आणि म्हणून त्या वर्षी वाळ्याच्या ताट्या भिजवायला बंदी झाली. उन्हाळ्यात दाराला ताटी लावून तिच्यावर पाणी मारलं की आमच्या भागातलं कोणतंही घर दुपार काढतं. आमच्या दाराला ताटी होती, पण कोरडी. मी भांडले. तोंड मला पहिल्यापासून आहे.

"अवो, पोरीनं काय कराव? टिन तापून राह्यलं वरून."

"थोडेच दिवस काढ. भांड्यात ओल शिरली का सारं मरते. झालं का मग आपन सारेच पांढरकवड्याले जाऊ."

पांढरकवड्याला सासूबाई होत्या, मातीचं गार घर होतं. मी एकटी पोरीला घेऊन निघाले असते, तर यांना भाकर कोण देणार, असा तो काळ. मी पोरीला पन्हं पाजत होते, तळपायांना कांदा चोळत होते. तिला त्या मागच्या खोलीचं भारी वेड. दाराच्या फटीला डोळा लावून बसायची आणि "बाबा, निळं झालं का?" विचारायची. हे आतून म्हणायचे, "होईन, माय, होईन."

एका सकाळी यांनी आम्हा दोघींना हाक मारली. काचेच्या भांड्यात निळं औषध होतं आणि त्यात दह्यासारखं पांढरं साकळत होतं. यांनी पोरीला कडेवर घेतलं. मला म्हणाले, "हे गाळून घेतो. दुपारी ताट्या भिजव, पाह्यजे तेवढ्या." मीही खूप आनंदले. खोटं का बोलू, त्या सकाळी आमच्याइतकं सुखी घर नव्हतं.

दुपारी ताट्या भिजायच्या आधीच पोर खेळता खेळता निजली. अंगाला हात लावला तर तव्यासारखं. मी तिच्यावर पाणी ओतलं, ताटीवर ओतलं, हे टांगा आणायला धावले. दवाखान्यात पोचेपर्यंत ती आम्हाला ओळखत नव्हती. दिवस मावळायच्या आत गेली. डॉक्टर म्हणाले, ऊन लागलं.

सासूबाई पांढरकवड्याहून आल्या. मला पोटाशी धरून "देवाची म..." म्हणाल्या आणि थांबल्या. घरातले देव छप्पन सालीच गेले होते. मग दोष कोणाला द्यायचा? मी ज्याला देत होते तो समोरच्या भिंतीला टेकून बसला होता आणि पाणीही पीत नव्हता.

पाऊस पडायच्या आधी नागपूरचे सर भेटायला आले. भला माणूस. सतरंजीवर बसले. आता बोलावं काय, अशा अवघडलेपणातून त्यांनी विचारलं, "काम कुठवर आलं होतं?" हे उठले आणि आतून एक बाटली घेऊन आले. सरांनी पांढरी भुकटी चिमटीत घेतली, आणि एकदम वेगळेच दिसायला लागले. माझी परवानगी घेऊन ते चुलीशी गेले, भुकटी पळीत घालून आचेवर धरली. ती वितळली. सरांनी काडीचं टोक बुडवून वर उचललं, तर केसासारखी तार निघाली, हातभर, तुटेचना.

"अरे, जमलं की तुला!" सरांनी यांच्या पाठीवर थाप मारली.

आणि हे हसले. पोटातून, लहान पोरासारखे. मी पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभी होते. पोरीला माती देऊन महिनाही झाला नव्हता. हसता हसता यांची नजर माझ्यावर गेली.

मी एक शब्द बोलले नाही. भांडखोर बाई मी, पण त्या वेळी बोलले नाही. यांचं तोंड आपोआप मिटलं. सर गेल्यावर यांनी सामान कॉलेजात परत नेऊन टाकलं. पीएच.डी. राहिली ती राहिलीच. पुढे आम्हाला दोन मुलगे झाले, त्यांची शिक्षणं, लग्नं झाली. मनातून कितीदा वाटलं की म्हणावं, हसा हो, मी काही म्हणणार नाही. पण पुढची सगळी वर्षं हे घरात असे वावरले, जणू मी अजून त्या दारात उभी राहून पाहतेच आहे.