‘मला माहीत नाही’ म्हणणारी भाची

ही गोष्ट सांगायचं मी इतकी वर्षं टाळलं, कारण भाचीचं कौतुक सुरू केलं की माझी लबाडीही सांगावी लागते. आता पंच्याहत्तरी उलटली, टाळायला फारसा वाव उरला नाही. तेव्हा आधी कौतुक. साऱ्या सातारा-सांगली भागात देवाला इतके प्रश्न विचारणारी आणि तरीही देवावर इतका जीव असणारी दुसरी बाई सापडणार नाही. आमच्या चर्चच्या मंडळीतले लोक प्रार्थनेत देवाकडे काहीबाही मागतात. ही देवाकडे चौकशी करायची, आणि उत्तर आलं नाही तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जाऊन उभी राहायची, तलाठ्याच्या कचेरीत जावं तशी.

माझी बहीण साताऱ्याला असते. बारावीनंतर भाची शिकायला आमच्याकडे सांगलीत आली आणि घरचीच झाली. पदवी हातात पडल्यावर तिनं जाहीर केलं की ती सेमिनरीत, म्हणजे धर्मशिक्षणाच्या कॉलेजात जाणार आणि पाळक, म्हणजे चर्चची धर्मगुरू होणार. आमच्या चर्चमध्ये बायकांनी गाणी म्हणावीत, रविवारची शाळा घ्यावी आणि नाताळात करंज्या कराव्यात, एवढंच तोवर ठरलेलं. ती गेली आणि दर सुट्टीत कानामागे पेन्सिल खोचून परत येऊ लागली. बायबल वाचताना जिथं अडेल तिथं समासात बारीक प्रश्नचिन्ह काढायचं ही तिची सवय. स्वतःचं बायबल भरलं तेव्हा तिनं माझं घेतलं. मी कुपवाडच्या एका कारखान्यात एकतीस वर्षं स्टोअरकीपर होतो. प्रत्येक नटबोल्टाला खण आणि प्रत्येक खणाला चिठ्ठी, तशीच माझी श्रद्धा. मी खोडरबर घेऊन तिची प्रश्नचिन्हं पुसत बसायचो. बायको म्हणायची, “पुसायच्या निमित्तानं वाचताय, तेवढंच बरं. एरवी कुठं उघडत होता?”

बायको पहिल्यापासून भाचीच्या पक्षात. येशू घरी आला तेव्हा मरीया त्याच्या पायाशी ऐकत बसली, मार्था एकटी स्वयंपाकात राबली, आणि शेवटी बोलणी मार्थेनंच खाल्ली, ही गोष्ट बायकोला लग्नाआधीपासून सलत होती. एकदा कांदा चिरता चिरता तिनं भाचीला विचारलं, “मार्थेचं चुकलं काय गं? तीपण बसली असती तर पाहुणे जेवले काय असते?” भाची दोन दिवस विचारात होती. तिसऱ्या दिवशी सकाळी ती म्हणाली, “मामी, मला वाटतं आधी सगळ्यांनी मिळून स्वयंपाक करायचा, मग सगळ्यांनी बसून ऐकायचं. मामा, आज मार्था तुम्ही.” त्या दिवशी मी आयुष्यात पहिल्यांदा पोहे केले. मीठ दोनदा पडलं. दोघींनी ते चर्चा न थांबवता संपवले.

एका उन्हाळी सुट्टीत तिला सेवेसाठी माण तालुक्यातल्या चार-पाच ख्रिस्ती घरांकडे पाठवलं होतं. तिथं बांधावर बसून तिनं एका म्हाताऱ्या मेंढक्याला हरवलेल्या मेंढराचा दाखला सांगितला. शंभरातलं एक हरवतं, मेंढपाळ नव्व्याण्णव मागं ठेवून त्याला शोधायला जातो, तो दाखला. म्हाताऱ्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, “न्हाई पोरी. नव्व्याण्णव उघड्यावर टाकून कोन जातंय? लांडगं काय उपाशी बसत्यात व्हय? त्येच्या संगं दुसरं कोनतरी असनार. त्यो मागं थांबला, म्हनून ह्यो गेला.”

ती स्कूटी हाणत तडक सांगलीला आली. डोक्यावरचं हेल्मेट न काढताच तिनं मला ते दारात ऐकवलं आणि म्हणाली, “मामा, इतकी वर्षं आपण मागं थांबलेल्याची आठवणच ठेवली नाही.” पुढच्या रविवारी पाळकसाहेबांनी तिला आमच्या चर्चमध्ये बोलायला उभं केलं, तेव्हा तिनं त्यावरच प्रवचन दिलं. मी मंडळीचा कारभार बघणाऱ्या पंचांचा चिटणीस होतो. माझ्या बाकावरचे पंच कुजबुजले, आता मेंढक्यांकडून शास्त्र शिकायचं का. मी मान डोलावली. छाती अभिमानानं भरून आली होती, पण मान मात्र त्यांच्या बाजूनं डोलली. माझ्या स्वभावाचं एवढं वर्णन पुरे आहे.

त्याच सुट्टीत आमच्या मंडळीतल्या एका म्हातारीचा मुलगा गेला. तो परराज्यात विट्याच्या एका माणसाकडे, सोनं गाळायच्या दुकानात कामाला होता. अपघात झाला. पाळकसाहेब गावाला गेले होते म्हणून भाची गेली, सोबत पंच म्हणून मी. मी वाटेतच बायबलातलं एक वचन पाठ करून ठेवलं होतं. म्हातारीनं भाचीचा हात धरला आणि विचारलं, “देवानं माझाच का न्येला गं?” मी तोंड उघडायच्या आत भाची म्हणाली, “आजी, मला माहीत नाही.” आणि तिथंच जमिनीवर बसली, संध्याकाळपर्यंत. म्हातारी थोड्या वेळानं म्हणाली, “बरं झालं बया. सकाळपास्नं येनाऱ्या समद्यास्नी ठावं हाय.”

मला मात्र लाज वाटली. पाळक होणाऱ्या माणसानं माहीत नाही म्हणायचं? तर मग सेमिनरीत शिकवतात काय?

इथं माझी लबाडी येते. पाळकपदाची दीक्षा मिळण्यापूर्वी विद्यार्थ्याला आपल्या मंडळीच्या पंचांचं शिफारसपत्र लागतं, आणि ते चिटणीस लिहितो. पंचांनी मजकूर माझ्यावर सोपवला. ‘तुमचीच भाची, तुम्हीच काय ते लिहा,’ म्हणाले. मी सुवाच्य अक्षरात लिहिलं की उमेदवार श्रद्धेत अजून कच्ची आहे आणि लोकांच्या प्रश्नांना उत्तरं देऊ शकत नाही. तिची दीक्षा थांबली. ती साताऱ्याला आईकडे गेली आणि एका दवाखान्यात रुग्णांच्या नातेवाइकांजवळ बसायचं काम करू लागली. चर्चमध्ये बोललं गेलं की पोरीला ते झेपलं नाही, तिनं स्वतःच सोडलं. ते माझ्यासमोर बोललं गेलं, अनेकदा. मी गप्प बसलो. म्हणून आज स्पष्ट लिहितो: तिनं काही सोडलं नव्हतं. तिला मी अडवलं होतं.

दोन वर्षांनी बायको गेली. घर वचनांनी भरलं. येणारा प्रत्येकजण एक सांगून जायचा आणि मी हात जोडायचो. भाची साताऱ्याहून आली तेव्हा मी स्वयंपाकघरात एकटाच उभा होतो. मी तिला विचारलं, “का गं?” ती म्हणाली, “मला माहीत नाही, मामा.” मग आम्ही दोघं तिथंच ओट्याला टेकून बराच वेळ रडलो. तिसऱ्या दिवशी मी उठत नव्हतो. तिनं कांदा आणि सुरी माझ्यासमोर आणून ठेवली आणि म्हणाली, “आज मार्था तुम्ही.”

पुढं माणमधली ती चार-पाच घरं स्वतः चर्चच्या वरिष्ठांकडे गेली आणि तिला मागून घेऊन आली. आम्हाला उत्तरं नकोत, ही बाई पाहिजे, असं म्हणाली म्हणे. तिची दीक्षा झाली, आणि आता ती तिथं पाळक आहे. गेल्या नाताळाच्या आधी मी एसटीनं तिचं प्रवचन ऐकायला गेलो. पत्र्याची शेड, माणसं शेडबाहेरपर्यंत. शेवटच्या रांगेत घोंगडी घेतलेला तो मेंढका बसलेला. तो ख्रिस्ती नाही, पण तिच्या बोलण्यात मेंढरांची काही चूक होते का ते बघायला येतो. शेजारच्या माणसाला मी दोनदा सांगितलं, ही माझी भाची.

उपासना संपल्यावर पाळक दारात उभा राहून प्रत्येकाशी हात मिळवतो. मी मुद्दाम रांगेत शेवटी थांबलो. काय बोलायचं ते एसटीत चार वेळा घोकलं होतं: ते पत्र मी लिहिलं होतं, मला माफ कर. माझी पाळी आली. तिनं माझे दोन्ही हात धरले. कानामागे पेन्सिल होतीच.

“मामा, जेवूनच जायचं,” ती म्हणाली.

मी म्हणालो, “प्रवचन जरा लांबलं.”