मामांची चिठ्ठी

डीएनए बारकोडवरून माशांच्या जाती ओळखणाऱ्या प्रयोगशाळेत मासे कापून तुकडे नळ्यांत भरायचं काम पंधरा वर्षं मामांचं. हुबेहूब दिसणाऱ्या दोन माशांचे बारकोड वेगळे आले, तेव्हा नव्या मॅडम म्हणाल्या, "मामा, तुम्ही भलत्याच नळीला चिठ्ठी लावली असणार."

मामांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांनी बर्फातून तेच दोन मासे काढले. दोघांच्या कल्ल्यांत दोऱ्याने चिठ्ठ्या बांधलेल्या होत्या. मग सुरी त्यांनी मॅडमच्याच हातात दिली.

निकाल पुन्हा तोच आला. त्यातली एक जात कुठल्याच पुस्तकात नव्हती.

मॅडम खुर्चीवरून उठल्या. "चुकलं माझं, मामा. नाव काय ठेवू या हिचं?"

"नाव तुम्ही ठरवा," मामा म्हणाले. "चिठ्ठी मी लिहितो."