देठ धरणारी बोटं

तरसालीच्या आमच्या सोसायटीत सकाळी मी जास्वंदीचे अगदी जवळून फोटो काढायचे, तेव्हा पूजेसाठी फुलं तोडायला येणाऱ्या एक आजी बाजूला थांबून राहायच्या. वाऱ्यानं फूल हललं की दोन बोटांनी देठ धरायच्या.

"शांतीने काढ, बेटा. देवाला घाई नाही."

मग विचारायच्या, "आत कसं दिसतं गं? मला तर नुसतं लाल दिसतं. मोठं करून दाखव ना."

"चांगला आला की दाखवते," मी पुटपुटायचे. दाखवण्याइतका चांगला मला एकही वाटला नाही.

दिवाळीनंतर त्या आल्या नाहीत. नावही विचारलं नव्हतं, चौकशी कुणाकडे करणार? आता फुलं संध्याकाळी झाडावरच मिटतात. फोटोसाठी मला वारा पडायची वाट बघावी लागते.