इर्जिकीचा अभ्यास

शहरातून आमच्या गावात तीन विद्वान आले आणि त्यांच्यासोबत हिंडायला मला नेमलं. मी गावचीच, एम.ए. झालेली आणि तोंडाळ, म्हणजे दोन्हीकडच्या शिव्या खायला अगदी लायक. एक समाजशास्त्राच्या मॅडम, एक भूगोलाचे सर, एक लोकसंगीताचे सर. तिघांनी मिळून एकच विषय अभ्यासायचा, त्याला आंतरविद्याशाखीय पद्धत म्हणतात, असं मॅडमनी मला समजावलं. विषय होता इर्जिक. म्हणजे एकाच्या शेतातलं काम उरकायला सगळ्या गावानं फुकट जायचं आणि त्यानं फक्त पोटभर जेवायला घालायचं. आमच्या मुळशीत हे पिढ्यान्‌पिढ्या चाललं आणि हिंजवडीला इमारती उठल्या तसं बंद पडलं. आता ज्याच्या त्याच्या भाड्याच्या खोल्या. चिखलात कोण उतरतंय?

मॅडमची अट एकच, प्रत्येक घराची मुलाखत वेगळी आणि एकांतात. घ्या, एकांत आणि तोही आमच्या गावात. पाहुणा कागद घेऊन कुणाच्या दारात बसला की त्या घराला एकटं सोडणं आमच्याकडं कमीपणाचं मानतात. पहिल्या घरी पाच माणसं उत्तरं द्यायला बसली, सगळ्यांच्या पुढं गावचे आबा. दुसऱ्या घरी गेलो तर तीच पाच आमच्याआधी तिथं पोचलेली, हातात चहाचे कप. भूगोलाच्या सरांनी नकाशावर घराघराचे ठिपके दिले आणि प्रत्येक ठिपक्यावर एकच आबा सापडायला लागले.

"हे या घरचे कुटुंबप्रमुख का?" सरांनी मला विचारलं.

"नाही."

"मग कोण?"

"ते आबा आहेत."

याच्यावर त्यांच्या शास्त्राकडं काही उपाय नव्हता.

चौथं घर माझ्या काकीचं. तिथंही आबाच उत्तरं देत होते. मॅडमनी विचारलं, इर्जिक अजून चालते का?

"म्हंजे काय? जोरात चालतीया," आबा म्हणाले. "दर साली. गाणी म्हणत लावणी व्हतीया."

बाकीच्या चौघांनी माना डोलावल्या. परक्यापुढं गावाची लाज कोण काढणार? काकी ओट्यावर बसून ऐकत होती. सगळ्या शिवारात तिचंच भाताचं खाचर लावायचं राहिलं होतं. मजूर मिळत नव्हते आणि रोप म्हातारं व्हायला लागलं होतं. तिचा मुलगा कंपनीची कॅब चालवतो. त्यानं बजावलं होतं, यंदा पडीक राहिलं तर रिसॉर्टवाल्याला देऊन टाकायचं. काका गेल्यापासून काकीचा जीव तेवढ्या एका खाचरात अडकलेला. आणि हे बुवा तिच्याच ओट्यावर बसून इर्जिकीच्या बाता मारत होते. मला असा राग आला की आबांच्या हातातला कप काढून घ्यावा.

"आम्हाला प्रत्यक्ष बघायला मिळेल का?" मॅडमनी विचारलं.

आबांचं तोंड बघण्यासारखं झालं. काकी मात्र ताडकन उठली. "मिळंल की. माजंच खाचर बाकी हाय. आयतवारी या समदी."

रविवारी गाव जमलं. ज्यांना यायचं नव्हतं त्यांनी आपले भाडेकरू पाठवले. दोन इंजिनिअर हाफ पँटीत चिखलात उभे होते, घरमालकाला नाही कसं म्हणणार? सहभागी निरीक्षण करायचं म्हणून मॅडमही साडी खोचून उतरल्या. बांधावरून ड्रोन उडवणारे भूगोलाचे सर ओरडले, "मॅडम, तुम्ही लावलेलं क्षेत्र मोजमापात धरायचं का?" संगीताच्या सरांची तऱ्हा आणखीच वेगळी. कुणाचा तरी फोन वाजायचा, गाणं बिघडायचं, की ते म्हणायचे, "पुन्हा एकदा, पहिल्यापासून." त्यांच्या हट्टापायी बायकांनी लावलेली ओळ उपटली आणि परत लावली.

दुपारी अर्धं खाचर झालं तेव्हा संगीताचे सर म्हणाले, "बास, भरपूर मिळालं." त्यांचा कॅमेरा पिशवीत गेला. तो गेला तसे आबा चिखलातून बाहेर, आणि त्यांच्यामागं एकेक करत सगळं गाव. उपटलेल्या रोपाच्या जुड्या बांधावर तशाच पडून. काकीचा मुलगा रिसॉर्टवाल्याला फोन लावून लांब जाऊन उभा राहिला. काकी कुणाकडंच बघत नव्हती.

माझं डोकं सणकलं. "सर," मी म्हणाले, "खरी गाणी तर अजून झालीच नाहीत. गावातल्या शेवटच्या खाचराची गाणी वेगळी असतात. ती खाचर भरत आल्याशिवाय म्हणत नाहीत."

असली गाणी आमच्या बापजाद्यांनी कधी ऐकली नव्हती. बायकांनी माझ्याकडं असं बघितलं की आता माझी काही धडगत नाही. सर आबांकडं वळले. "खरंच का हो?"

आबांनी एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा चुलीवरच्या मटणाकडं. "म्हंजे काय," ते म्हणाले आणि मुकाट्यानं परत चिखलात उतरले.

गाणी जागच्या जागी जुळवली. पहिलं मॅडमच्या साडीवर, दुसरं ड्रोनवर, तिसरं आबांच्या ढेरीवर. ऐकता ऐकता संगीताच्या सरांचे डोळे भरून आले. दिवेलागणीच्या आत खाचर पुरं झालं, फोनवरचा रिसॉर्टवाला तसाच ताटकळत राहिला. काकीनं सगळ्यांना आग्रह कर करून वाढलं. अहवालात शेवटच्या खाचराच्या गाण्यांवर आख्खं प्रकरण आहे, आणि इर्जिक आजही जिवंत आहे असा तिन्ही शास्त्रांचा एकमुखी निष्कर्ष.

यंदा काकीचा फोन आला. "रोप तयार हाय गं. तुजी माणसं कवा येत्यात?"

"काकी, तो अभ्यास संपला."

ती म्हणाली, "दुसरा कसला तरी काढ की मग. आबास्नी इचारून आले मी. त्ये म्हनत्यात, येतो की, पर बघायला कोन येनार हाय का?"